प्रदर्शनाचे दार कोणासाठी?

(दारव्हा येथील कार्यकर्ता अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



कापसाचा भाव, पीकविम्याचे दावे, रोजगार हमीची थकलेली मजुरी आणि बंद पडलेली शकुंतला हे सारे विषय पुढ्यात असताना दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावी कलाशाळेच्या पदव्युत्तर प्रदर्शनावर बोलणे अनेकांना चैनीचे वाटेल. याच यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी कुटुंबासह आपले आयुष्य संपवले आणि पुढे या जिल्ह्याचे नाव देशभर ज्या कारणाने झाले, ते सर्वांना ठाऊक आहे. अशा जिल्ह्यात रंग आणि कॅनव्हास यांची चर्चा कशाला, असा प्रश्न कोणी विचारला तर तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तो प्रामाणिक प्रश्न आहे आणि त्याला तितकेच प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे.

कला ही पोट भरल्यानंतरची गोष्ट आहे, ही समजूत श्रमिकांनी स्वतः कधीच मानलेली नाही. पोळ्याच्या दिवशी कर्ज डोक्यावर असलेला शेतकरीही बैलाची शिंगे रंगवतो, अंगावर ठसे उमटवतो, झूल घालतो. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला विदर्भातील पोरे सुताराने घडवलेला लाकडी बैल ओढत दारोदार फिरतात. दारव्हा, दिग्रस, पुसद या पट्ट्यातील तांड्यांवरच्या बंजारा स्त्रियांनी फेटिया आणि कांचळी यांवर आरसे, कवड्या आणि रंगीत टाके यांची जी रचना केली आहे, ती फुरसतीच्या वेळात जन्मली नाही. ती वाटचालीच्या आणि मजुरीच्या आयुष्यात जन्मली. सौंदर्याची भूक श्रमिकाला आहेच. ती भूक भागवणारे ज्ञान, साधने आणि प्रतिष्ठा कोणाच्या ताब्यात आहेत, हा प्रश्न जमिनीच्या आणि पाण्याच्या प्रश्नाइतकाच राजकीय आहे.

भिंतीवर काय टांगलेले असते

पदव्युत्तर कलाशाळेचे वार्षिक प्रदर्शन हा एक विलक्षण प्रकार आहे. इतर विद्याशाखांत परीक्षा बंद खोलीत होते आणि उत्तरपत्रिका कुलूपबंद कपाटात जाते. येथे उत्तरपत्रिका भिंतीवर टांगलेली असते. दोन वर्षांत विद्यार्थ्याने काय पाहिले, काय विचार केला आणि हाताला काय साधले, ते कोणीही आत येऊन पाहू शकतो. प्रत्येकाच्या वाट्याला एखादी भिंत वा कोपरा येतो. चित्राखाली नाव, माध्यम आणि वर्ष लिहिलेली चिठ्ठी असते. कोठे मातीत घडवलेले शिल्प, कोठे लाकडावर कोरलेल्या ठशाचे छापचित्र, तर कोठे नुसता ढीग रचून ठेवलेला असतो आणि तोही कलाकृती म्हणून. दाराजवळ अभिप्रायाची वही असते. विद्यार्थी आपल्या कामाशेजारी उभा असतो आणि परीक्षकांपेक्षाही येणाऱ्या अनोळखी माणसाच्या चेहऱ्याकडे अधिक पाहत असतो.

खेड्यातून आलेला माणूस अशा दालनात शिरला की प्रथम बिचकतो. चित्र समजले नाही तर आपलेच चुकले असे त्याला वाटते. कार्यकर्त्यांची प्रतिक्रिया याच्या उलट असते. समजले नाही तर चित्रकाराचे चुकले, असा निर्णय ते लगेच देऊन मोकळे होतात. या दोन्ही प्रतिक्रियांनी संवाद संपतो. विद्यार्थी तेथे उभा आहे, त्याला विचारता येते. हे काय आहे, हे करावेसे का वाटले, हे कोणासाठी केले, हे तीन साधे प्रश्न विचारले की बहुतेक विद्यार्थी मनापासून बोलू लागतात. त्यांतील अनेकजण लहान गावांतून आलेले असतात आणि त्यांच्या घरच्यांपैकी कोणी ते काम अद्याप पाहिलेलेही नसते.

एक लाख रुपये आणि कापूस

महाराष्ट्रातील कलाशिक्षणाचा इतिहास या भागाला परका नाही. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला, तो प्रामुख्याने कापसाच्या या मुलखासाठी. त्याच साली मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांनी कलाशाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले. ती संपत्ती चीनबरोबरच्या अफूच्या आणि कापसाच्या व्यापारातून उभी राहिली होती. १८५७ मध्ये त्यांच्या नावाची शाळा सुरू झाली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळहून दारव्ह्यामार्गे मूर्तिजापूरला जाणारी अरुंद लोहमार्गाची गाडी आली आणि येथला कापूस मुंबईच्या वाटेला लागला. शेताचे धन महानगराकडे नेणारा हा रस्ता होता. विद्या मात्र त्या रस्त्याने उलट दिशेने फारशी आली नाही.

जे.जे.ची स्थापना कारागिरांसाठी झाली होती, हे विसरता कामा नये. देशी हस्तकला आणि उद्योग यांची सुधारणा हा तिचा मूळ हेतू होता. १८६५ मध्ये आलेले जॉन लॉकवुड किपलिंग इमारतींवरील शिल्पकाम शिकवीत; लोहारकामाचे आणि भित्तिचित्रांचे वर्गही तेथे होते. मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या दगडी नक्षीकामात या शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. त्या इमारतीखालून रोज लाखो माणसे जातात, परंतु ती पाने, पक्षी आणि प्राणी कोरणाऱ्यांची नावे कोणाच्या ओठांवर नाहीत. कालांतराने कलाशाळेत तैलरंगातील चित्राला मानाचे पान मिळाले आणि कारागिरी मागच्या दाराशी गेली. हाताने काम करणारा खालचा आणि कल्पना करणारा वरचा, ही जातिव्यवस्थेची शिकवण होती. इंग्रजी शिक्षणाने तिला ललित कला आणि उपयोजित कला अशी नवी नावे दिली. आजही तांड्यावरच्या स्त्रीने टाके घातले तर ती लोककला ठरते आणि जत्रेत वा सरकारी मेळ्यात तिच्याशी घासाघीस होते. तेच टाके पदवीधराने कॅनव्हासवर घातले तर त्याला दालन मिळते. यात त्या पदवीधराचा दोष नाही. परंतु या विषमतेचा हिशेब कोणी तरी मांडला पाहिजे. काँग्रेस समाजवादी पक्षाच्या नेत्यांपैकी एक असलेल्या कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी स्वातंत्र्यानंतर मंत्रिपदाचा रस्ता न धरता १९५२ मध्ये अखिल भारतीय हस्तकला मंडळाची धुरा घेतली, ती हा हिशेब मांडण्यासाठीच. समाजवादी चळवळीने त्यांच्या या कामाचा वारसा मात्र फारसा पुढे नेला नाही.

विदर्भाने या कलाजगाला माणसे कमी दिलेली नाहीत. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या सहा संस्थापकांपैकी सय्यद हैदर रझा आणि अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचे हरी अंबादास गाडे या दोघांचे नाते नागपूरच्या कलाशाळेशी होते. त्याच गटातील कृष्णाजी हौळाजी आरा यांनी मुंबईत घरगडी म्हणून काम केले, मोटारी धुतल्या. फ्रान्सिस न्यूटन सूझा यांना तर स्वातंत्र्य चळवळीतील सहभागामुळे १९४५ मध्ये जे.जे.तून काढून टाकण्यात आले होते. नागपुरात व पुढे बडोद्यात शिकलेल्या सवी सावरकर यांनी गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधलेला अस्पृश्य आणि देवदासी यांना भारतीय चित्रकलेच्या मध्यभागी आणून उभे केले. चंद्रपूर जिल्ह्यातील सास्ती गावचे प्रभाकर पाचपुते हे तर या चर्चेतील सर्वांत जवळचे उदाहरण आहे. ज्या घरातील पिढ्यांनी कोळसा खाणीत काम केले आणि ज्यांची शेतजमीन खाणीत गेली, त्या घरातील हा मुलगा खैरागड येथे शिल्पकला शिकला आणि बडोद्यातून पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडला. खाणीने जे काळेपण त्याच्या गावावर टाकले, तेच काळेपण त्याने हातात घेतले आणि कोळशाने दालनांच्या भिंतींवर खाणकामगार रेखाटले. २०२१ मध्ये वेल्समधील आर्टेस मुंडी हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार ज्या सहा कलावंतांना संयुक्तपणे मिळाला, त्यांत पाचपुते होते. सास्ती ते बडोदे हा प्रवास एकाला जमला. किती जणांचा प्रवास शाळेच्या चित्रकलेच्या वहीतच थांबला, याची नोंद कोणी ठेवत नाही.

पहिले कुलूप

प्रदर्शनाच्या दाराला दोन कुलपे आहेत. पहिले कुलूप शाळेतच लागते. महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांची जुनी आणि चांगली परंपरा आहे. तालुक्याच्या गावीही मुले त्यांना बसतात. पण इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीला ७ गुण, ब ला ५ आणि क ला ३, एवढ्यापुरतेच बहुतेक घरांत या परीक्षेचे मोल उरले आहे. गुण पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर जाते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या शाळांसाठी कलाशिक्षणाच्या अर्धवेळ निदेशकाची तरतूद केली, परंतु ती १०० हून अधिक पटाच्या शाळांना लागू आहे. लहान खेड्यांतील आणि तांड्यांवरील ज्या शाळांचा पट तेवढा भरत नाही, तेथल्या मुलाला कलाशिक्षक मिळण्याचा हक्क कायद्यानेच नाकारला, असा याचा सरळ अर्थ होतो. ज्यांच्या घरांत कलेची परंपरा जिवंत आहे, नेमक्या त्यांच्याच शाळेत चित्रकलेचा तास नाही.

यातून पार पडून कोणी पुढे जाऊ म्हणेल, तर राज्यात शासकीय कला महाविद्यालये मोजकी आहेत: मुंबईत, नागपुरात आणि छत्रपती संभाजीनगरात. आरक्षणाने दलित, आदिवासी, भटक्या आणि इतर मागास घरांतील मुलांसाठी दार उघडले, ही मोठी गोष्ट आहे. पण प्रवेशानंतर रंगांच्या नळ्या, कुंचले, कॅनव्हास, कागद, चौकट, शहरातील खोलीभाडे हा खर्च संपत नाही. लेखकाला वही पुरते. शिल्पकाराला माती, लोखंड, लाकूड आणि ठेवायला जागा लागते. २०२३ मध्ये जे.जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. दर्जा वाढला तर आनंदच आहे. मात्र अशा संस्थेचे शुल्क कोण ठरवणार आणि मजुराच्या मुलाला ते परवडणार काय, यावर लक्ष ठेवणे हे पक्षाच्या विद्यार्थी आघाडीचे काम आहे.

दुसरे कुलूप

दुसरे कुलूप बाहेरून लावले जाते, आणि ते लावणारे हात संघटित आहेत. बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ हे मराठी माणसाला परके नाही. ज्या सयाजीरावांनी बाबासाहेब आंबेडकरांना शिष्यवृत्ती दिली, त्यांनीच १८९० मध्ये तेथे कलाभवन उभे केले, जे.जे.त शिकलेले दादासाहेब फाळके पुढे तेथे शिकले. १९५० मध्ये सुरू झालेल्या तेथील ललित कला शाखेत नारायण श्रीधर बेंद्रे, शंखो चौधुरी, के. जी. सुब्रह्मण्यन यांच्यासारखे शिक्षक लाभले. सुब्रह्मण्यन १९४२ च्या लढ्यात तुरुंगात गेले होते, म्हणून सरकारी महाविद्यालयांची दारे त्यांना बंद झाली होती. त्यांच्या काळात तेथे विद्यार्थ्यांनी बनवलेली खेळणी आणि वस्तू शहरातील सामान्य माणसांना विकणारी जत्रा भरू लागली.

याच शाखेत मे २००७ मध्ये वार्षिक परीक्षेची कामे मांडलेली होती. छापचित्रण शिकणाऱ्या चंद्रमोहन या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या कामातील धार्मिक प्रतीकांनी भावना दुखावल्या, असे म्हणत ९ मे रोजी विश्व हिंदू परिषदेचे लोक आत घुसले. पोलिसांनी धुडगूस घालणाऱ्यांना सोडून विद्यार्थ्यालाच ताब्यात घेतले आणि त्याला काही दिवस कोठडीत काढावे लागले. विद्यार्थ्यांनी निषेधासाठी खजुराहोसारख्या भारतीय परंपरेतीलच शृंगारशिल्पांच्या प्रतिमा मांडल्या. ते प्रदर्शन बंद करण्यास प्रभारी अधिष्ठाता शिवाजी पणिक्कर यांनी नकार दिला; विद्यापीठाने त्यांना निलंबित केले. अकरा वर्षांनंतरही पदवी हाती आली नाही, अशी या विद्यार्थ्याची तक्रार होती. २०१८ मध्ये कुलगुरूंच्या कार्यालयाला आग लावल्याच्या आरोपावरून त्याला अटक झाली. आग लावण्याचे समर्थन कोणीही समाजवादी करणार नाही. परंतु एका तरुणाचे आयुष्य परीक्षेच्या एका भिंतीशी कसे अडकून पडले, हे त्यातून दिसते. मे २०२२ मध्ये तेथेच बलात्काराच्या बातम्यांची कात्रणे वापरून केलेल्या देवतांच्या आकृतींवरून पुन्हा वादळ उठले आणि एका विद्यार्थ्याला विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. त्या बातम्यांतील स्त्रियांवर जे घडले, त्याने मात्र कोणाच्याही भावनांचा उद्रेक झाला नव्हता.

श्रद्धावान माणसाला एखादे चित्र खुपले तर ते बोलून दाखवण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. लेख लिहावा, वहीत अभिप्राय नोंदवावा, दारात निदर्शने करावीत. लोकशाहीत दुखावलेल्या माणसालाही जागा आहे. परंतु परीक्षा चालू असताना उत्तरपत्रिका फाडण्याचा हक्क कोणालाही नाही, आणि फाडणाऱ्याऐवजी लिहिणाऱ्याला पकडणारी पोलीस व्यवस्था ही झुंडीचीच दुसरी फळी ठरते. हीच झुंड उद्या शेतमजुरांच्या सभेवर येते, हा अनुभव कार्यकर्त्यांना नवा नाही.

लोहियांची सूचना

या बाबतीत समाजवाद्यांच्या घरात एक आठवण आहे. मकबूल फिदा हुसेन यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे की, टाटा-बिर्लांच्या दिवाणखान्यांतून बाहेर पडून रामायण रंगवावे आणि ते खेड्यांत न्यावे, ही सूचना त्यांना राममनोहर लोहिया यांनी केली. हैदराबादेत लोहियांचे सहकारी बद्रीविशाल पित्ती यांच्या घरी राहून हुसेन यांनी रामायणाची मोठी चित्रमालिका केली, आणि ती चित्रे बैलगाडीतून खेड्यांत नेली तेव्हा कोणी शेतकऱ्याने त्यांचा अर्थ विचारला नाही, असेही ते सांगत. एका मुसलमान चित्रकाराने रामकथा रंगवावी आणि एका नास्तिक समाजवाद्याने त्याला ती सुचवावी, एवढे औदार्य या देशात होते. पुढे त्याच हुसेन यांना २००६ मध्ये देश सोडावा लागला, २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले आणि ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचा अंत झाला. त्या काळात चळवळीने पत्रके काढली. परंतु खेड्यांतील ज्या माणसांसमोर ती चित्रे गेली होती, त्यांना बरोबर घेऊन उभे राहणे तिला जमले नाही.

चळवळीची चूक येथेच झाली. तिने कलेला फलकापुरते वापरले. निवडणूक आली की गेरू आणि चुना घेऊन भिंती रंगवणारा गावचा पेंटर लागायचा. फ्लेक्स आला तेव्हा पक्षांनी, समाजवाद्यांनीही, त्या पेंटरला निरोप न देताच विसरून टाकले. अक्षराचे वळण ज्याच्या हातात होते तो मनुष्य मजुरीला लागला आणि कोणी त्याच्यासाठी एक ठराव केला नाही.

करण्याजोगे

दारव्ह्याच्या कार्यकर्त्यांना करता येण्याजोगी चार कामे आहेत आणि त्यांतील एकालाही दिल्लीची परवानगी लागत नाही. पहिले, नागपूरच्या शासकीय महाविद्यालयाचे वार्षिक प्रदर्शन भरेल तेव्हा तालुक्यातील शाळकरी मुले, शिक्षक आणि तांड्यावरच्या भरतकाम करणाऱ्या स्त्रिया यांची एक गाडी तेथे न्यावी. त्या स्त्रियांनी विद्यार्थ्यांची कामे पाहावीत आणि आपलीही दाखवावीत. दुसरे, प्रदर्शन येथे आणावे. ठाण्यात तीस वर्षे क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करीत कामगारांची आणि लोकलमधील प्रवाशांची चित्रे काढणारे सुधीर पटवर्धन यांनी २००८ च्या सुमारास ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन चित्रांचे प्रदर्शन महाराष्ट्रातील वेगवेगळ्या शहरांत फिरवले. ते जिल्ह्याच्या शहरांपर्यंत येऊ शकते, तर विद्यार्थ्यांची चित्रे तालुक्याच्या वाचनालयात का येऊ नयेत? तिसरे, शंभरापेक्षा कमी पटाच्या शाळांनाही केंद्रशाळेमार्फत कलाशिक्षक मिळावा, ही मागणी पंचायत समितीपासून लावून धरावी. आणि चौथे, कोठेही विद्यार्थ्याच्या कामावर झुंड चालून गेली, तर ते चित्र आवडले की नाही हा प्रश्न बाजूला ठेवून त्याच्या बाजूने दुसऱ्या दिवशी तहसील कचेरीसमोर उभे राहावे.

ही गाडी सुटेल तेव्हा तिच्यात बसणाऱ्यांपैकी कोणी तरी परतताना गप्प असेल, कोणी चिडलेला असेल, आणि एखादी सातवीतली मुलगी खिडकीशी बसून वहीत काही तरी काढीत असेल. तिला पुढची वही कोण देणार, याचे उत्तर या अभ्यासवर्गाने उठण्यापूर्वी ठरवावे.